रामेश्वराची वाट

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण येथे जमलेल्या प्रत्येकाने लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली असेल. दुखणे एकीकडे आणि औषध भलतीकडे, असा तिचा अर्थ. कोकणात गावोगावी रामेश्वराची देवळे आहेत. तरीही मराठी घरात आजी-आजोबा नुसते 'रामेश्वर' म्हणत, तेव्हा डोळ्यांपुढे एकच ठिकाण उभे राही. ते म्हणजे दक्षिणेच्या टोकाला, समुद्रातल्या बेटावर असलेले आणि काशीच्या जोडीनेच ज्याचे नाव घ्यायचे असे ते तीर्थ.

ही जोडी मराठी मनाने फार घट्ट बांधली आहे. काशीला जाऊन आलेल्या माणसाची यात्रा अर्धीच झाली असे मानले जाई. काशीहून गंगेचे पाणी आणायचे, ते रामेश्वराच्या पिंडीवर घालायचे, तेथल्या सेतूची वाळू उचलायची आणि ती परत प्रयागला नेऊन संगमात सोडायची, तेव्हा कोठे यात्रा पुरी होई. वाळूचा सेतुमाधव, प्रयागचा वेणीमाधव आणि काशीचा बिंदुमाधव अशी ही माधवांची साखळी आहे. काशी आणि रामेश्वर यांच्यात दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर. पायी चालणाऱ्याने ते एकदा नव्हे, तर जाऊन-येऊन काटायचे. म्हणूनच यात्रा पुरी करून परतलेल्या माणसाने गावजेवण घालावे, मावंदे करावे, अशी रीत पडली. जिवंत परतला याचाच तो आनंद असे.

रामेश्वराविषयी बोलताना बहुतेक जण मंदिरापासून सुरुवात करतात आणि मंदिरापाशीच थांबतात. त्यात चूक काही नाही. मंदिर आहेच तसे. पण मराठी माणसाला रामेश्वराने जे दिले त्यातले पुष्कळसे त्या वाटेवर दिले आहे. या व्याख्यानाचा विषय मुख्यतः ती वाट आहे.

या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीच्या घरी घडलेली हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. तिच्या परवानगीने, पण नाव न घेता ती सांगितली जात आहे. तिचे सासरचे घराणे मूळचे साताऱ्याकडचे. तीन पिढ्यांपूर्वी नोकरीनिमित्ताने महाराष्ट्राबाहेर आले आणि येथेच रुजले. घरातल्या देवघरात तांब्याचा एक लहानसा गडू होता. झाळून तोंड बंद केलेला, बाहेरून काळवंडलेला. दिवाळीत घरातली इतर भांडी चिंचेने घासली जात, पण या गडूला हात लावायची कोणाची छाती नव्हती. घरातल्या आजींच्या सासूबाईंनी तो काशीहून आणला होता आणि मरताना सुनेला सांगितले होते की, माझ्याने झाले नाही, हा रामेश्वराला पोहोचव.

आजींच्यानेही झाले नाही. आधी मुले लहान होती, मग पैसा नव्हता, मग यजमानांचे आजारपण आले. गेल्या वर्षी आजींना अठ्ठ्याहत्तरावे लागले, तेव्हा नातवाने मनावर घेतले. विमानाने मदुराई, तेथून गाडी, दुसऱ्या दिवशी दर्शन आणि तिसऱ्या दिवशी घरी असा त्याने बेत आखला. आजींनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "विमानात गडू मांडीवर घेऊन बसू देतात का रे?" नातवाने नियम वाचून पाहिले. झाळलेले, आत पाणी असलेले धातूचे भांडे हातात घेऊन सुरक्षा तपासणीतून जाणे कठीण होते. ते सामानाच्या पेटीत टाकावे लागले असते. आजी म्हणाल्या, "मग मी पण सामानातच जाते." घरात दोन दिवस अबोला होता. अखेर आगगाडीची तिकिटे निघाली.

या अबोल्यात दोघांचेही चूक नव्हते. नातवाला सुट्टी मोजकी होती आणि आजीच्या गुडघ्यांची काळजी होती. आजींना पोहोचण्यापेक्षा नेण्याचे महत्त्व अधिक वाटत होते. कावड वाहून नेणारा माणूस कावड दुसऱ्याच्या हाती देऊन पुढे जात नाही, इतकी साधी ती गोष्ट होती. मराठी मुलाला कावड आणि रामेश्वर हे दोन शब्द ऐकले की नाथमहाराज आठवतात. पैठणचे एकनाथ गंगेची कावड घेऊन रामेश्वराकडे निघाले, वाटेत तापलेल्या वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडताना दिसले आणि नाथांनी ते सारे पाणी त्याच्या तोंडात ओतले. ही कथा प्राथमिक वर्गात भूतदयेचा धडा म्हणून शिकवली जाते. ते बरोबरच आहे. पण कथेतली अडचण त्यामुळे मुलांच्या लक्षात येत नाही. ते पाणी काही कोपऱ्यावरच्या विहिरीतले नव्हते. शेकडो कोसांची पायपीट त्या कावडीत होती. आणि बरोबरचे यात्रेकरू पाहत होते. ते पाणी ओतल्यावर नाथांची यात्रा फुकट गेली की तेथेच पुरी झाली, हा प्रश्न त्या सोबत्यांना नक्कीच पडला असणार. नाथांच्या लेखी रामेश्वर तेथेच भेटला होता.

आजींच्या कुटुंबाने वाटेत तंजावरला मुक्काम केला. हे कोणी ठरवून केले नव्हते. गाड्यांच्या वेळा जुळेनात म्हणून करावे लागले. पण तंजावर हे मराठी यात्रेकरूचे हक्काचे ठिकाण आहे, हे तेथे गेल्यावर कळते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ते राज्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकले. बृहदीश्वराच्या प्रचंड मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा दीर्घ मराठी शिलालेख आहे. तमिळ देशात, चोळ राजाने बांधलेल्या मंदिराच्या दगडावर आपली भाषा वाचताना आजींनी बोटाने अक्षरे चाचपडली. नातवाला त्यातले फारसे वाचता आले नाही. त्याच्या आईला आले. ती या शाळेत शिकली होती, हे येथे नोंदवायला हरकत नाही.

याच राजांनी तंजावराहून समुद्रकिनाऱ्याने रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर छत्रे उभारली. छत्र म्हणजे धर्मशाळा हा अर्थ अपुरा आहे. धर्मशाळेत निवारा मिळतो. छत्रात अन्न मिळे आणि आणखीही पुष्कळ काही मिळे. बहुतेक छत्रे राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावांनी ओळखली जात. नीडामंगलमला यमुनांबेचे छत्र आहे, ओरत्तनाडूला मुक्तांबेचे. मुक्तांबा ही दुसऱ्या सरफोजी राजांची प्रिय सहचरी. तिने मरतेसमयी आपल्या नावाने अन्नछत्र घालावे असे मागितले, अशी कथा सांगतात. ओरत्तनाडूच्या छत्राचे जोते रथासारखे कोरले आहे. हत्ती आणि घोडे तो रथ ओढत आहेत. इमारतीच्या पुष्कळ भागाची आता पडझड झाली आहे. आजींची गाडी तेथे अर्धा तास थांबली. नातू फोटो काढीत होता आणि आजी जोत्याच्या सावलीत, गडू मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

या छत्रांत काय चाले, याचे वर्णन सरफोजी राजांनी स्वतः करून ठेवले आहे. १७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. किल्ला आणि आसपासचा थोडा भाग तेवढा राजांकडे उरला. तेव्हा निदान छत्रे तरी आपल्या देखरेखीखाली राहावीत, यासाठी त्यांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिले. राज्य गेलेल्या राजाचे ते पत्र आहे. त्यात त्याने सैन्य मागितले नाही, मानमरातबही मागितला नाही. यात्रेकरूंचे जेवण आपल्या हाती ठेवा, असे मागितले. सेतूला जाणारे हे यात्रेकरू आपल्या राज्यातून जातात, त्यांच्यासाठी पूर्वजांनी ही सोय केली आहे आणि ती मोडली तर आपली अब्रू जाते, असा त्या मागणीचा सूर आहे.

पत्रातला तपशील थक्क करणारा आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत आणि जोगी, जंगम, अतीत, बैरागी अशा सर्व पंथांच्या यात्रेकरूंना शिजवलेला भात मिळे. ज्यांना शिजवलेले चालत नसे त्यांना कोरडा शिधा. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून, जो कोणी उपाशी राहिला असेल त्याने येऊन अन्न घ्यावे, अशी हाक दिली जाई. वाटेत आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचे जेवण मिळे, तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा होई. सर्पदंशावर इलाज जाणणारे वैद्य नेमलेले असत. लहान मुलांना दूध मिळे. गरीब गर्भवती स्त्रियांची काळजी घेतली जाई. वाटेत मरण आलेल्यांचे अंत्यविधी त्यांच्या-त्यांच्या जातीच्या रीतीप्रमाणे होत.

आणि प्रत्येक छत्रात शाळा होती. वेदांचे अध्यापक होते आणि मुलांना शिकवणारे पंतोजीही होते. यात्रेत आईबाप दगावलेली परमुलखातली मुले पंतोजींच्या हवाली केली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण, दर चौथ्या दिवशी अंगाला तेल, अंगावर कपडा, दुखले-खुपले तर औषध. मुलाला ज्या विद्येची आवड असेल ती शिकवावी आणि ती चांगली अवगत झाल्यावर त्याच्या लग्नाचा खर्चही करावा, इथपर्यंत ती तरतूद होती.

हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेच्या व्यासपीठावरून हा तपशील वाचताना दोन गोष्टींपाशी थांबावे लागते. एक म्हणजे 'आवड असेल ती'. अनाथ, परप्रांतीय मुलाला त्याची आवड विचारली जात होती. आज फी भरून येणाऱ्या मुलांनाही ती नेहमी विचारली जाते असे नाही. पालकांनी या विधानाचा राग मानू नये. दुसरी गोष्ट म्हणजे ती मुले कोणत्या भाषेची होती, हे पत्रात विचारलेलेच नाही. रामेश्वराला कानडी, तेलुगू, हिंदी, गुजराती, बंगाली असे सगळेच जात. मराठी राजा, तमिळ मुलूख आणि मूल कोठलेही. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्यांना 'तुम्ही येथे कशाला?' हा प्रश्न अधूनमधून विचारला जातो, तेव्हा त्या छत्रांतल्या पंतोजींची आठवण ठेवायला हवी. घराबाहेर वसलेल्या मराठी माणसाने तेव्हा आधी दुसऱ्याच्या मुलांना जेवू घातले आणि शिकवले.

ही छत्रे पुढे सरकारी व्यवस्थेखाली गेली. अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या तीर्थांवर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, रामेश्वरालाही त्यांच्या दानधर्माचा हात पोहोचला. ती कहाणी सर्वांना ठाऊक आहे. तंजावरची मात्र महाराष्ट्रात फारशी कोणी सांगत नाही.

मंडपमपाशी भारताची भूमी संपते आणि समोर पांबनची सामुद्रधुनी लागते. पूर्वी ती नावेने ओलांडत. १९१४ च्या फेब्रुवारीत रेल्वेचा पूल सुरू झाला. सुमारे दोन किलोमीटर लांबीचा, मधला भाग दोन बाजूंना उचलून जहाजांना वाट देणारा. मोटारींचा पूल त्याच्या शेजारी १९८८ साली आला. जुना रेल्वेपूल थकला, तेव्हा २०२२ च्या अखेरीस त्यावरची वाहतूक थांबवावी लागली आणि ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीला, नवा पूल सुरू झाला. त्याचा ७२ मीटरांहून लांब असलेला मधला गाळा सरळ वर उचलला जातो. आजींची गाडी या नव्या पुलावरून सावकाश गेली. डब्यातल्या बायकांनी नाणी समुद्रात टाकली. दोन्ही बाजूंना पाणी, खाली पाणी, आणि डब्यात कोणी तरी मोठ्याने रामाचे नाव घेत होते. नातवाने नंतर आईला सांगितले की, विमानातून हे दिसले नसते. आजींना त्याने ते सांगितले नाही. मुलगे सांगत नाहीत.

रामेश्वराचा समुद्र पाहून अनेकांचा विरस होतो. लाटा नाहीत, गर्जना नाही. मंदिराच्या पूर्व गोपुरासमोर जे अग्नितीर्थ म्हणतात, तेथे समुद्र तळ्यासारखा निवांत पसरलेला असतो. कोकणचा किनारा पाहिलेल्या माणसाला हा समुद्र आहे हे पटवून द्यावे लागते. यात्रेकरू येथे प्रथम स्नान करतात आणि ओल्या कपड्यांनी मंदिरात शिरतात. मंदिराच्या आवारात बावीस तीर्थे आहेत. बहुतेक विहिरीच. काठावर उभे असलेले सेवक दोरीला बांधलेली लहान बादली आत सोडतात आणि यात्रेकरूच्या डोक्यावर उपडी करतात. खाऱ्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर हे पाणी गोडे आहे, आणि प्रत्येक विहिरीची चव वेगळी. रामाच्या भात्यात बावीस बाण होते म्हणून बावीस तीर्थे, असे सांगतात. अग्नितीर्थाच्या पाण्यात जुने कपडे सोडून देण्याची एक चुकीची समजूत मात्र आहे आणि काठावर त्यांचे ओले ढीग साचतात. पाप धुण्यासाठी आलेल्यांनी समुद्र असा घाण करावा, हे पाहवत नाही.

बावीस विहिरींची फेरी ही धावपळ असते. फरशी निसरडी, गर्दी दाट, आणि मागचा माणूस ढकलत असतो. आजींना तेवढे झेपणारे नव्हते. त्यांनी समुद्राचे पाणी पायांवर घेतले, एका विहिरीपाशी बादलीभर अंगावर घेतले आणि म्हणाल्या, "बाकीची एकवीस तुम्ही करा, माझ्या नावाने." सुनेने आणि नातवाने ती केली. कोरडे कपडे नेसून सगळे दर्शनाच्या रांगेत उभे राहिले.

ती रांग ज्या ओवऱ्यांतून जाते, त्या पाहिल्यावर पाय दुखणे विसरते. बाहेरच्या प्राकाराच्या ओवऱ्या पूर्व-पश्चिम सुमारे ६९० फूट आणि दक्षिणोत्तर सुमारे ४३५ फूट लांब आहेत. दोन्ही बाजूंना उंच जोत्यांवर खांबांच्या रांगा, एकूण १,२१२ खांब, आणि शेवटी सारे एका ठिपक्यात मिळालेले दिसते. अठराव्या शतकात रामनाडच्या सेतुपती राजांनी हे काम पुरे केले. सेतुपती म्हणजे सेतूचा रक्षक; यात्रेकरूंना सुखरूप पार नेणे हे त्यांचे पिढीजात कर्तव्य होते. हे बेट वाळूचे आणि प्रवाळाचे. बांधकामाचा असा दगड तेथे नाही. तो बाहेरून, पाण्यावरून आणला. कोणी आणि किती जणांनी, त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत.

गाभाऱ्यात मुख्य लिंग वाळूचे आहे. लंकेहून परतल्यावर रामाने शिवपूजा करायचे ठरवले, मारुतीला कैलासाहून लिंग आणायला पाठवले, तो वेळेवर परतेना, तेव्हा सीतेने हातांनी वाळूचे लिंग केले. मागाहून मारुती आला आणि रुसला. रामाने त्याची समजूत घातली: तू आणलेल्या लिंगाची पूजा आधी होईल. आजही विश्वलिंगाची पूजा आधी आणि रामलिंगाची नंतर होते. शाळेतल्या शिक्षकांना ही कथा आवडावी. उशिरा पोहोचलेल्या, पण मनापासून धावलेल्या विद्यार्थ्याचा मान राखण्याची ती रीत आहे, आणि वेळ साधून मुलीने जवळच्या वाळूतून केलेले कामही त्यात टिकून राहिले आहे.

या गाभाऱ्यातली पूजा परंपरेने महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्यांकडे आहे. शृंगेरीच्या शंकराचार्यांकडून दीक्षा घेतल्यावरच त्यांना लिंगाला स्पर्श करता येतो. इतक्या दूर, तमिळ देशाच्या शेवटच्या बेटावर! पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहून ही घराणी बोलण्या-चालण्यात तमिळ झाली आहेत. गंगेच्या अभिषेकासाठी पाणी तांबे, पितळ किंवा काशाच्या भांड्यातच आणावे लागते, लोखंडाच्या किंवा पत्र्याच्या नाही, आणि ते आधी मंदिराच्या कचेरीत दाखवावे लागते. आजींचा गडू तेथे पाहिला गेला. झाळ काढायला थोडा वेळ लागला.

गडू उघडला तेव्हा आत पळीभर पाणी होते. झाळेला कधी तरी बारीक भोक पडले असावे. इतक्या वर्षांत बाकीचे उडून गेले होते. आजी गडूत वाकून पाहत राहिल्या. कोणालाच काय बोलावे ते सुचेना. सुनेच्या मनात आले की, गडूचे वजन हलके लागते हे आपल्याला कधीच का जाणवले नाही. बाजारात गंगेच्या पाण्याच्या बाटल्या मिळतात, त्यातली एक आणून भर घालू या, असे नातू हळूच म्हणाला. आजींनी मान हलवली. समोरच्या माणसाने वेगळ्याच हेलाच्या, तमिळ वळणाच्या मराठीत विचारले, "किती वरसांचे आहे?" साठाहून अधिक, असे आजींनी सांगितले. तो म्हणाला, "मग हे पुष्कळ आहे, आजी."

ते पळीभर पाणी अभिषेकात गेले.

साठ वर्षे हा आकडा रामेश्वरात आणखी एका ठिकाणी भेटतो. बेटाच्या टोकाला धनुष्कोडी आहे. सेतूची वाळू घ्यायची ती तेथून. एके काळी तेथे रेल्वे स्थानक होते, टपाल कचेरी होती, शाळा होती, आणि लंकेतल्या तलैमन्नारला जाणाऱ्या बोटी तेथून सुटत. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळात समुद्र गावावरून गेला. पांबनहून येणारी प्रवासी गाडी स्थानकाच्या अलीकडेच लाटांनी ओढून नेली. आतले शंभराहून अधिक प्रवासी गेले. शेकडो लोकांनी रामेश्वराच्या मंदिरात आसरा घेतला आणि ते वाचले. धनुष्कोडी वस्तीला अयोग्य म्हणून जाहीर झाली. तेथल्या चर्चच्या भिंती, पाण्याची टाकी आणि स्थानकाचे दगड अजून वाळूत उभे आहेत. विभीषणाला रामाने अभय दिले असे मानतात ते कोदंडराम मंदिर मात्र त्या वादळात टिकून राहिले. आता टोकापर्यंत पक्का रस्ता झाला आहे. एका बाजूला बंगालचा उपसागर आणि दुसऱ्या बाजूला मन्नारचे आखात, आणि मध्ये रुंद रस्त्याएवढी वाळू.

त्या पडक्या भिंतींपाशी मासळी सुकवणाऱ्या कोळ्यांच्या झोपड्या आहेत. एका झोपडीबाहेर शिंपल्यांच्या माळा विकणारी एक मुलगी बसली होती. तिने नातवाला पाण्याची बाटली मागितली. शिंपल्यांचे पैसे नको, पाणी हवे, असे तिने खुणेने सांगितले. त्या वाळूत गोडे पाणी सहज मिळत नाही. नातवाने गाडीत होत्या त्या चारही बाटल्या तिला दिल्या. परतीच्या वाटेवर रामेश्वर येईपर्यंत कोणाला प्यायला पाणी नव्हते. आजी काही बोलल्या नाहीत. फक्त एकदा नातवाच्या पाठीवरून हात फिरवला.

गडू परत आला आहे. झाळ नाही, तोंड मोकळे आहे, आणि यंदाच्या दिवाळीत तो प्रथमच चिंचेने घासला गेला. त्याच्या शेजारी, जेवणाच्या डब्यातल्या लोणच्याच्या वाटीत, धनुष्कोडीची मूठभर वाळू ठेवली आहे. ती प्रयागला न्यायची आहे. नातवाने त्यासाठी आगगाडीच्या वेळा काढून ठेवल्या आहेत, पण तिकिटे अजून काढलेली नाहीत. आजींचे म्हणणे असे की घाई कशाला, वाळू काही उडून जात नाही.